आभाळाचं पांघरूण

निफाड तालुक्यात माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. डिसेंबरच्या अखेरीस मुक्कामाला गेलो होतो, तेव्हा पहाटे साडेतीनला त्यानं मला हलवून उठवलं. बांधावर आदल्या संध्याकाळीच पालापाचोळ्याचे आणि काटक्यांचे ढीग रचून ठेवलेले होते. मण्यांत नुकतंच पाणी उतरू लागलं होतं आणि पारा चार अंशांवर आला होता. या अवस्थेत पहाटेची थंडी आणि दुपारचं ऊन यांत फार अंतर पडलं, की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत दोन-तीन रात्रींत मातीमोल होते. आम्ही एकेक शेकोटी पेटवत गेलो. धूर वर न जाता मांडवाखाली अंथरल्यासारखा पसरला. वर बघितलं तर चांदण्यांनी आभाळ गच्च भरलेलं. दादा वैतागून म्हणाला, “आज जरा आभाळ आलं असतं, तर आपण झोपलो असतो.”

या पुस्तकात जे भौतिकशास्त्र येणार आहे, ते त्याच्या त्या एका वाक्यात आहे. आभाळ आलं की थंडी पळते आणि निरभ्र झालं की उतरते, हे प्रत्येक बागायतदार जाणतो. ढग आले की डाऊनी रोगाची धास्ती आणि ढग गेले की थंडीची, अशा कात्रीत त्याचा हंगाम जातो. पण ढग आल्यावर थंडी का पळते, हे एकदा नीट समजून घेतलं, तर जगभरच्या परिषदांमध्ये ज्या विषयावर तीस-पस्तीस वर्षं खल चालला आहे, त्याचा गाभा हाती येतो.

दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपानं ती निघते. वाटेत ढग किंवा बाष्प असलं, तर ते या किरणांचा मोठा वाटा शोषून घेतं, स्वतः उबदार होतं आणि त्यातली काही ऊब पुन्हा खाली पाठवतं. कोरड्या, निरभ्र रात्री हा अडसर अगदी कमी असतो आणि उष्णता अवकाशात निसटून जाते. ढग येतात आणि जातात. हवेत मिसळलेले काही वायू मात्र हेच काम रात्रंदिवस, बाराही महिने करत असतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. हे दोन्ही वायू अवरक्त किरणांना सरळ वाट देतात. अडवतात ते उरलेल्या चिमूटभर हवेतले बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि ओझोन. ही मंडळी नसती, तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. प्रत्यक्षात ते शून्याच्या वर १५ अंशांच्या जवळ आहे. मधल्या ३३ अंशांमुळे गोदावरी वाहती आहे. म्हणून या परिणामाला सरसकट वाईट ठरवून चालणार नाही. काळजी आहे ती पांघरूण जाड होण्याची.

‘हरितगृह परिणाम’ हा शब्द पाठ्यपुस्तकांनी रुळवला आहे, तेव्हा मीही तोच वापरला आहे. पण त्यानं मुलांची दिशाभूल होते, असं माझं स्पष्ट मत आहे. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. आत उकाडा वाढला की मजूर बाजूचे पडदे गुंडाळतात आणि गरम हवा बाहेर पडते. म्हणजे पॉलिहाऊस तापतं, ते मुख्यतः आतली तापलेली हवा कोंडली गेल्यामुळे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०९ मध्ये दोन छोट्या पेट्यांवर हे करून पाहिलं होतं. एकीला काचेचं झाकण, दुसरीला सैंधवाच्या पातळ तबकडीचं. अवरक्त किरण काचेत अडतात, सैंधवातून आरपार जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. पृथ्वीभोवतीचं वातावरण हवा कोंडत नाही, ते किरण अडवतं. म्हणून मला ‘पांघरूण’ हा आपला साधा शब्द जास्त खरा वाटतो. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आपलीच ऊब निसटू देत नाही.

हे कळायला माणसाला बराच काळ लागला. १८२४ मध्ये जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञानं प्रश्न मांडला की, सूर्यापासून इतक्या दूर असलेली पृथ्वी गोठून का जात नाही? उत्तर वातावरणात असावं, असा त्याचा तर्क होता. प्रयोगाची पहिली पायरी मात्र अमेरिकेतल्या एका स्त्रीनं चढली, आणि तिच्यापाशी थोडं थांबलंच पाहिजे.

युनिस फूट ही स्त्रियांच्या हक्कांसाठी १८४८ मध्ये सेनेका फॉल्स इथे निघालेल्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. तिनं दोन सारख्या काचनळ्या घेतल्या, प्रत्येकीत तापमापक ठेवले आणि वेगवेगळ्या हवा भरून त्या उन्हात ठेवल्या. कोरडी हवा कमी तापली, दमट हवा जास्त, आणि सर्वांत जास्त तापली ती कार्बन डायऑक्साइडची नळी. सावलीत आणल्यावर ती निवायलाही कितीतरी जास्त वेळ लागला. पूर्वी कधी हवेत हा वायू अधिक असेल, तर पृथ्वी आजच्यापेक्षा उष्ण असली पाहिजे, असा निष्कर्ष तिनं लिहून ठेवला. ऑगस्ट १८५६ मध्ये ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत तिचा निबंध वाचला गेला, तो जोसेफ हेन्री या पुरुष शास्त्रज्ञानं. पुढे दीडशे वर्षं तिचं नाव जवळजवळ कुणाच्या तोंडी नव्हतं. २०११ नंतर ते पुन्हा उजेडात आलं. तिच्या मांडणीत सूर्याचे किरण आणि जमिनीचे अवरक्त किरण वेगळे काढता येत नव्हते, ही उणीव खरी आहे. पण घरात जमवता येईल एवढ्या सामानातून तिनं योग्य वायूवर बोट ठेवलं, हे श्रेय तिचंच. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळांमध्ये तिचं चित्र लागावं, असं मला मनापासून वाटतं.

ती उणीव जॉन टिंडल यांनी १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भरून काढली. त्यांनी एका लांब नळीत वायू भरला, नळीची तोंडं सैंधवाच्या तबकड्यांनी बंद केली, एका बाजूला उष्णतेचा स्रोत ठेवला आणि पलीकडे किती उष्णता पोहोचते ते मोजलं. नायट्रोजन आणि ऑक्सिजन जणू तिथे नव्हतेच. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र उष्णता गिळली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी अवरक्त किरणांच्या मोजमापांवरून सगळ्या पृथ्वीचं गणित हातानं सोडवलं. त्याला जवळपास वर्ष लागलं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, असं त्यांचं उत्तर आलं. आजचा स्वीकारलेला अंदाज तीन अंशांच्या आसपास आहे. कागद-पेन्सिलीच्या त्या हिशेबाला हे अंतर मी मोठं मानत नाही. अऱ्हेनियस यांना चिंता मात्र वाटली नव्हती. कोळसा तेव्हाच्या वेगानं जळत राहिला तर इतका वायू साठायला हजारो वर्षं जातील, अशी त्यांची समजूत होती, आणि थंड स्वीडनमध्ये थोडी ऊब कुणाला नको होती? १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश बाष्प-अभियंत्यानं जगभरच्या १४७ हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदी फावल्या वेळात तपासल्या आणि पृथ्वी तापू लागलीच आहे, असं दाखवून दिलं. जाणकारांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

अडचण एकच होती. हवेतला कार्बन डायऑक्साइड खरोखर वाढतो आहे का, हे वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी, एकाच काटेकोरपणानं कुणी मोजलेलं नव्हतं. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, ते सुरू केलं. आसपास गाव नाही, कारखाना नाही, फक्त काळा खडक आणि महासागरावरून आलेली हवा. पहिला आकडा आला दशलक्षात ३१३. पुढच्या महिन्यांत तो वाढला, मे महिन्यात शिगेला पोहोचला, मग उतरू लागला. कीलिंग आधी गोंधळले. दुसऱ्या वर्षीही तसंच झालं, तेव्हा उलगडा झाला. जगातली बहुतेक जमीन आणि जंगलं उत्तर गोलार्धात आहेत. तिथे पालवी फुटली की झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात आणि आकडा उतरतो. पानगळ होऊन पाचोळा कुजू लागला की तो पुन्हा चढतो. पण प्रत्येक वर्षीचं शिखर आदल्या वर्षीपेक्षा थोडं वर होतं. करवतीचे दाते असावेत आणि ती करवत तिरकी वर चढवलेली असावी, तसा तो आलेख दिसतो.

हे काम भव्य नाही. रोज तीच हवा घ्यायची, यंत्र ठरलेल्या वायूशी जुळवून घ्यायचं, आकडा लिहायचा. यात नवं काय, असं विचारून पैसे देणारे हात आखडता घेतात. १९६४ मध्ये निधीअभावी नोंदी काही काळ बंद पडल्या आणि आलेखातली ती मोकळी जागा आजही दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक झाला, लाव्ह्यानं रस्ता आणि वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावरून मापन सुरू ठेवावं लागलं. कीलिंग २००५ मध्ये गेले, त्यांचा मुलगा राल्फ हे काम पुढे चालवतो आहे. १९५८ ची सरासरी ३१५ च्या जवळ होती. २०१३ च्या मे महिन्यात एका दिवसाची सरासरी पहिल्यांदा ४०० वर गेली. मे २०२५ मध्ये साऱ्या महिन्याची सरासरी ४३० च्या वर होती. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागच्या आठ लाख वर्षांचा हिशेब लागला आहे. औद्योगिक क्रांतीआधीच्या त्या साऱ्या काळात हा आकडा ३०० च्या वर गेलेला नाही.

आपल्याकडेही ही मोजणी झाली आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. दक्षिण गोव्यात काणकोण तालुक्यात काबो द रामा नावाचं भूशिर आहे. किल्ला पाहायला लोक जातात. तिथे १९९३ पासून काही वर्षं हवेचे नमुने काचेच्या फ्लास्कमध्ये भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवले जात. जागा मोठ्या विचारानं निवडलेली होती. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा विषुववृत्तापलीकडची स्वच्छ सागरी हवा आणतो. हिवाळ्यात वारा उलटतो आणि सगळ्या उपखंडाची हवा, त्यातल्या चुली, गिरण्या, वीजकेंद्रं आणि शेतं यांच्यासकट, त्या कड्यावरून समुद्राकडे जाते. एकाच जागी उभं राहून जगाची आणि आपली अशी दोन्ही हवा मोजता येते. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून सिंहगडावर असे नमुने घ्यायला सुरुवात केली. रविवारी पिठलं-भाकरी खायला गडावर चढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ज्या वाऱ्यासाठी आपण वर येतो, तोच वारा तिथे बाटलीत भरून तपासला गेला आहे.

आता एक शंका हमखास येते. वायू वाढला हे खरं, पण तो आपल्याच कोळशाचा आणि तेलाचा कशावरून? ज्वालामुखीचा किंवा समुद्राचा का नसेल? कार्बनच्या अणूंमध्येच त्याची साक्ष आहे. सजीवांमध्ये कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन अल्प प्रमाणात असतो आणि दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेल्या कोळशात त्यातलं काहीच उरत नाही. असा कोळसा जाळला, की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतं, दुधात पाणी घातल्यासारखं. हान्स सूस यांना १९५० च्या दशकातच झाडांच्या वर्तुळांत हे पातळ होणं सापडलं. त्याखेरीज हवेतला ऑक्सिजनही थोडा थोडा घटतो आहे. जळण झालं, तरच असं होतं. समुद्रातून वायू नुसता बाहेर आला असता, तर ऑक्सिजनला धक्का लागला नसता.

दुसरी शंका अधिक चतुर आहे आणि १९०० च्या सुमारास मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही ती घेतली होती. आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या वाट्याचे किरण पुरते अडवतो, मग आणखी भर पडल्यानं काय बिघडणार? एक पडदा लावून खोली पुरती काळोखी झाली, तर दुसरा लावून काय उपयोग? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. चूक अशी, की उष्णता जमिनीवरून एका उडीत अवकाशात जात नाही. एका थरातून वरच्या थरात, तिथून आणखी वर, अशी ती हातोहात चढते आणि जिथे हवा पुरेशी विरळ होते, तिथून सुटते. वायू वाढला की ही सुटकेची पातळी आणखी उंच जाते. उंचावरची हवा थंड, आणि थंड हवा कमी उष्णता बाहेर टाकते. आत येणारं ऊन तेवढंच आणि बाहेर जाणारं कमी, म्हणून खालचं घर तापत जातं, पुन्हा जमा-खर्च जुळेपर्यंत.

यावरून एक भाकीत निघतं. सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचे वरचे आणि खालचे सगळे थर तापले असते. पांघरूण जाड झालं असेल, तर खालचे थर तापतील आणि वरचा स्थितांबर थंड होईल. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये संगणकावर हे मांडलं, आणि पुढे फुगे व उपग्रह यांच्या नोंदींत तसंच आढळलं. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकातला वाटा मिळाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जगभरच्या नोंदींमध्ये रात्रीचं किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा जास्त वेगानं वाढलेलं दिसतं, हेही याच जातीचं लक्षण. मग निफाडला अजून पारा चारवर का येतो, असं कुणी विचारील. एका पहाटेचा आकडा हवेचा असतो, हवामान तीस-चाळीस वर्षांच्या पहाटांवरून ठरतं. दादाला थंडीची रात्र पुढेही येणार आहे, तिच्या येण्याचा नेम मात्र राहिलेला नाही.

आपल्या भागाला याची झळ सर्वांत आधी पाण्यातून लागते. हवा एका अंशानं तापली, की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. बाष्प स्वतःच उष्णता अडवणारं, म्हणून तापमान आणखी वाढतं. बाष्प नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं, कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षं राहतो. म्हणून किल्ली बाष्पाकडे नाही, कार्बनकडे आहे. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशांनी वाढल्याचं केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालात नोंदलेलं आहे, आणि उष्णदेशीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ दरम्यान सुमारे एका अंशानं तापला. तापलेला अरबी समुद्र वाऱ्यांना जास्त बाष्प देतो. मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्राचाही मोठा भाग येतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्याचं पुण्याच्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळीये गावावर डोंगर आला. त्या एका दिवसाचा दोष सरसकट कार्बनवर टाकणं शास्त्राला धरून होणार नाही. त्यात आपण कापलेल्या डोंगरांचा आणि बुजवलेल्या ओढ्यांचाही हिस्सा आहे. पण फासे कुणीकडे जड झाले आहेत, हे आता लपलेलं नाही. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च होता. उत्तरेत गव्हाचे दाणे बारीक राहिले आणि मे महिन्यात गव्हाची निर्यात थांबवावी लागली.

जबाबदारीचा हिशेब मांडताना मला एका गोष्टीचा राग येतो. शेकोटी पेटवणारा शेतकरी आणि चुलीपुढची बाई यांना प्रदूषणाचे धडे देणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. एक भारतीय वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, एक अमेरिकी माणूस चौदा टनांच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासून आजवर साठलेल्या ढिगातला जवळपास पाव हिस्सा एकट्या अमेरिकेचा. ज्यांनी ढीग रचला, त्यांनी आधी उपसायला हवा, यात मला तडजोड मान्य नाही. तरीही चंद्रपूरच्या वीजकेंद्रातून निघणारा धूर आपला आहे, कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि हवेला देशांच्या सीमा कळत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाचं मोल आपण ओळखलं, तर रात्री बाराच्या लाइटीसाठी बॅटरी घेऊन विहिरीवर जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येईल, आणि त्या विजेपुरता कोळसाही जमिनीत राहील. हे पर्यावरणाचं काम आहे आणि त्याच्या झोपेचंही.

पुढच्या प्रकरणांत हे सगळं सविस्तर येईल. गणित आवश्यक तिथे ठेवलं आहे. नववी-दहावीच्या मुलाला ते जमावं, न जमलं तर शिक्षकांना विचारावं. भीती वाढवणारी चित्रं मी घातलेली नाहीत. घाबरलेला माणूस लवकर थकतो, आणि हे काम दीर्घ पल्ल्याचं आहे.

दादाच्या घरात दाराशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली असते. रोज सकाळी तो तापमापक पाहून त्यात किमान तापमान लिहितो, फवारणीचा अंदाज यावा म्हणून. अकरा वर्षांच्या वह्या त्यानं फडताळात जपून ठेवल्या आहेत. याच धर्तीवर या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दोन रकाने मोकळे ठेवले आहेत. एकात मौना लोआचा त्या वर्षीचा मे महिन्याचा आकडा लिहा, दुसऱ्यात तुमच्या गावच्या सर्वांत थंड पहाटेचा. छापलेला आकडा पुस्तक तुमच्या हाती पडेपर्यंत जुना झालेला असेल. नवा तुम्ही भरा, आणि दरवर्षी भरत राहा.